चारशे नऊ मीटर

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही जन्मभर शिट्टी वाजवली. त्यात लिहायचं काय?"

तिचं खोटं नाही. जामखेड तालुक्यातल्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. त्याआधी हायस्कुलात पी.टी. शिकवायचो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे येणार आहे ते वाचून आमचे माजी विद्यार्थी ऑफिसात गर्दी करतील. आमच्या मैदानाला आजवर तीन प्रशिक्षक झाले. पहिले शेख सर, दुसरा मी काशीद, आणि आता तिसरी अश्विनी. या तिघांची आणि दोन सेकंदांची ही हकिगत आहे.

ते दोन सेकंद माझे.

मी अकरावी-बारावी करून कॉलेजात आलो तेव्हा कॉलेज नवं होतं. पत्र्याच्या चार खोल्या आणि समोर मुरमाचा भलामोठा माळ. शेख सर फौजेतून परत येऊन बी.पी.एड. झालेले. चाळिशीचे, ताठ, बोलणं थोडं आणि आवाज मोठा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माळावरचे दगड आमच्याकडून वेचून घेतले आणि म्हणाले, "आता ट्रॅक आखायचा."

ज्यांनी कधी ट्रॅक आखलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक फेरी चारशे मीटरची असते. दोन सरळ बाजू आणि दोन टोकांना दोन अर्धवर्तुळं. सरळ बाजू टेपनं मोजली की झालं. अर्धवर्तुळासाठी मधोमध एक खुंटी ठोकायची, तिला दोर बांधायचा, आणि दोराचं दुसरं टोक धरून गोल फिरत जायचं. टोक जिथून जाईल तिथून पांढरी फक्की टाकत जायची. सगळा खेळ त्या दोराच्या लांबीचा. साडेछत्तीस मीटर म्हणजे साडेछत्तीस मीटर.

शेख सरांनी बाजारातून कोरा करकरीत नायलॉनचा दोर आणला. मैदानावर लांब पसरला, टेपनं साडेछत्तीस मीटर मोजले आणि त्या जागी गाठ मारून लाल चिंधी बांधली. मग दोर धरायला रस्सीखेचच्या संघातली दोन पोरं बोलावली. त्यातला एक मी. तेव्हा माझं वजन आजच्यापेक्षा कमी होतं, पण मस्ती जास्त होती. सरांच्या नजरेत भरायचं होतं. सर खुंटीपाशी उभे राहून ओरडायचे, "दोर ढिला न्हाई पायजे! ताण!" आम्ही ताणायचो. तळहात सोलून निघाले तरी सोडला नाही. संध्याकाळी सरांनी पाठीवर थाप मारली तेव्हा चार दिवस मी अंघोळीला पाठ चोळली नाही.

फक्की काय, पहिल्या पावसात वाहून जाते. म्हणून सरांनी आखलेल्या रेषेवर ठिकठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांची डोकी लाल रंगवली. पुढं दर वर्षी पावसाळा सरला की त्या खुंट्या शोधायच्या, साफ करायच्या, नारळ फोडायचा आणि खुंटीवरून खुंटीकडं फक्की ओढायची. मोजायचं काही नाही. सरांनी एकदा मोजलं होतं ना, मग झालं. हाच रिवाज मी पुढं बावीस वर्षं चालवला.

आता दोन सेकंद. शेख सरांचा दुसरा नियम असा, की संघात जागा पाहिजे तर शर्यत घड्याळाशी. प्रत्येक शर्यतीची एक वेळ त्यांनी ठरवलेली. त्या वेळेत आलास तर चल, नाहीतर तू कॉलेजात पहिला असलास तरी घरी बस. मी आठशे मीटर पळायचो, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या. ठरलेली वेळ दोन मिनिटं पाच सेकंद. चाचणीच्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढं आलो. मागचा गडी पार त्या टोकाला होता. मी आनंदानं सरांकडं पाहिलं. सर घड्याळ बघत होते.

"दोन मिनिटं सात," ते म्हणाले. "दोन सेकंद, काशीद. पुढच्या वर्षी."

त्या वर्षी आमच्या कॉलेजातून आठशेला कुणीच गेलं नाही. पुढच्या वर्षी चाचणीच्या महिनाभर आधी कबड्डीत माझा गुडघा गेला आणि पळणं संपलं. रडलो. आईनं हळदीचा लेप लावला आणि म्हणाली, "पळून पळून कुठं जानार हुतास?" पण मैदान काही सुटेना, म्हणून शिकवायच्या धंद्यात शिरलो. लोक विचारायचे, सर तुम्ही कुठपर्यंत खेळलात? मी म्हणायचो, दोन सेकंद अलीकडंपर्यंत. लोक हसायचे. मीही हसायचो, पण घरी येऊन गप्प बसायचो, हे बायकोला माहीत आहे.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर मी आलो, तेव्हा त्यांनी मला शिट्टी दिली, खुंट्यांची जागा दाखवणारा हातानं काढलेला नकाशा दिला आणि खर्ड्याला आपल्या गावी निघून गेले. मी नियम तोच ठेवला. घड्याळाशी शर्यत. दया नाही.

माझ्या काळात एक गोष्ट लक्षात यायला लागली. आमची पोरं रोजच्या सरावात बेताची आणि स्पर्धेला गेली की एकदम वेगळी. शंभर मीटरवाले जसे इथं तसेच तिथं. पण जे फेऱ्या पळायचे, ते बाहेर गेले की सुटायचे. संगीता नावाची एक मुलगी होती, पंधराशे पळायची. हातात मोजे घालून पळायची आणि पायात काही नाही. कोपरगावला विभागीय स्पर्धा होती. उसाच्या पट्ट्यातलं गाव, मैदान गार, आमच्या पोरांना ते बघूनच हुरूप आला. संगीता पहिली आली आणि सरावातल्या वेळेपेक्षा चक्क सात-आठ सेकंद आधी. प्रवेशाच्या अर्जात मी सरावातली वेळ लिहिलेली, त्यामुळं पंचांना पटेना. ते म्हणाले, ही एक फेरी कमी पळाली.

मी बाह्या सरसावल्या. "तुमचा माणूस फेऱ्या मोजायला बसवलाय ना? मग तो काय ऊस खात होता?" तो माणूस खरंच ऊस खात होता, हे नंतर कळलं, पण फेऱ्या त्यानं बरोबर मोजल्या होत्या. वाद चालू असताना संगीता माझी बाही ओढून म्हणाली, "सर, लई ताणू नगा. मी परत पळती. त्यास्नी म्हनावं मोजा." तिचं हे ऐकून पंचांनीच हात जोडले.

या सगळ्यावरून मी एक सिद्धांत काढला. आमची पोरं मॅचला खुलतात. का खुलतात? तर मी त्यांच्या मनाची तयारी करतो म्हणून! एका शिबिरात मी यावर पाऊण तास बोललोसुद्धा. कोपरगावचे एक प्रशिक्षक वहीत लिहून घेत होते. पुढं तेच सर आमच्या मैदानावर स्पर्धेला आले आणि त्यांची सगळी पोरं फेऱ्यांच्या शर्यतीत दमल्यासारखी पळाली. जिंकली, पण वेळ एकदम जास्त लागला. ते मला म्हणाले, "काशीद सर, तुमच्या इथं वारं लई वाईट." मी छाती काढून म्हणालो, "आमची पोरं रोज ह्याच वाऱ्यात पळतात." त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. पण आम्हा दोघांनाही ते दिसलं नाही.

मी निवृत्त झालो आणि माझ्या जागेवर अश्विनी आली, तासिका तत्त्वावर. कोपरगावचीच. स्वतः राज्यापर्यंत पळालेली, आणि कुणाच्या पाया पडण्याआधी त्याचं काम तपासणारी. मी तिला शिट्टी दिली, सरांचा नकाशा दिला, खुंट्या दाखवल्या. ती म्हणाली, "सर, मोजलंय कधी?"

मी म्हणालो, "शेख सरांनी मोजलंय."

आठ दिवसांनी ती घरी आली. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर एक सांगते."

"रागावणार. सांग."

"आपला ट्रॅक चारशेचा नाहीये. चारशे नऊ आहे."

"तुझा टेप चुकला."

"तीनदा मोजलं, सर. पोरींना विचारा."

मी चप्पल घातली आणि तिच्या गाडीवर मागं बसून मैदानावर गेलो. चौथ्यांदा मोजायला लावलं. टेपचं एक टोक स्वतः धरलं, जागोजागी वाकलो, कंबर धरली. चारशे नऊ मीटर आणि वर वीतभर. सरळ बाजू बरोबर होत्या, गोलाई मोठी होती. म्हणजे इतकी वर्षं आमचं प्रत्येक पोर दर फेरीला नऊ मीटर जास्त पळत होतं, आणि मी त्यांना सांगत होतो, दम कमी पडतोय, भाकरी जास्त खा.

माझा सिद्धांत तिथंच मुरमात गेला. पोरं मॅचला खुलत नव्हती. मॅचला ट्रॅक बरोबर असायचा.

"खुंट्या उपटून नव्या ठोकते," अश्विनी म्हणाली. "पुढच्या महिन्यात स्पर्धा आपल्याकडं आहेत."

"खबरदार," मी म्हणालो. "सरांच्या खुंट्या आहेत त्या."

"मग पोरांचं काय करू? तुमच्यासारखं सांगू, वारं वाईट आहे म्हणून?"

अशी फटकळ पोरगी. मी चिडून पायीच घरी आलो. आणि घरी आल्यावर एकदम डोक्यात वीज चमकली. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. दोन फेऱ्या म्हणजे अठरा मीटर जास्त. त्या अठरा मीटरला मला लागलेला वेळ काढला आणि दोन मिनिटं सात सेकंदांतून वजा केला. दोन मिनिटं चार आले. पुन्हा केला. पुन्हा चार.

मी पास होतो!

बायकोनं विचारलं, "काय झालं? असे काय बघताय?" मी पत्रिका तिच्यापुढं धरली. एकसष्टाव्या वर्षी मला शेख सरांचा असा राग आला, की जेवण गेलं नाही. ज्या माणसाला मी देव मानलं त्यानं मला चुकीच्या मापानं घरी बसवलं. मी संघात गेलो असतो. विद्यापीठात पळालो असतो. पुढं काय झालं असतं कुणास ठाऊक, पण घरी तरी बसलो नसतो. सर त्र्याऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांना हे आता कशाला सांगायचं, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, सांगायचंच, तोंडावर सांगायचं. दुसऱ्याचा आवाज मोठा होता.

सकाळी मोटारसायकल काढली तर दारात अश्विनी उभी, खांद्याला टेप अडकवलेला. बायकोनं रात्रीच तिला फोन केला होता. "मीपण येते. तुम्ही रागात आहात, गाडी नीट चालवणार नाही."

खर्ड्यात किल्ल्याच्या अलीकडच्या गल्लीत सरांचं घर. सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मान थरथरते आता, पण पाठ तशीच ताठ. मला बघून म्हणाले, "काशीद, पोट कमी कर." सरांच्या बायकोनं, आमच्या चाचींनी, आतून हाक दिली, "बसा रे, च्या ठेवते."

मी रस्ताभर जे घोकत आलो होतो ते सगळं विसरलो. शेवटी अश्विनीनंच सांगितलं, सरळ, हळू आवाजात. चारशे नऊ. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "हो न्हाई शकत. मी सोता मोजलेलं हाय. दोर हाय माझ्याकडं." आणि आत हाक मारली, "अगं, माझी पेटी आन."

लोखंडी पेटीत सरांनी काय काय ठेवलं होतं! जुनं घड्याळ, शिट्ट्या, चाचणीच्या वह्या, आणि तळाशी वेटोळं करून ठेवलेला तो दोर. लाल चिंधी अजून गाठीला होती, फक्त गुलाबी पडलेली. मला गलबलून आलं, पण राग होताच.

अश्विनीनं गल्लीत दोर पसरला आणि मोजला. खुंटीच्या टोकापासून गाठीपर्यंत साडेछत्तीस मीटर. बरोबर. सर माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ. मी काय म्हनत हुतो?"

अश्विनीनं दोर चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, "सर, आखताना हा असाच जमिनीवर होता का?"

"जमिनीवर कसा? ताणून धरायचा आस्तो."

"कुणी ताणला होता?"

सरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"काशीद," सर म्हणाले, "ऊठ. ओढ."

दोराचं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं टोक मी धरलं आणि थोडं ओढलं.

"असा न्हाई!" सर खुर्चीतून ओरडले, तोच आवाज. "त्या दिवशी ओढलास तसा ओढ! ढिला न्हाई पायजे! ताण!"

मी पाय रोवले आणि ओढला. दात आवळून ओढला. कंबरेतून कळ गेली तरी सोडला नाही. शेजारची माणसं दारात आली. लाल चिंधी सरकत सरकत पुढं आली, अश्विनी टेप घेऊन वाकली आणि तिच्या तोंडून पहिल्यांदा हसू फुटलं.

"सर, दीड मीटर."

दीड मीटर दोर वाढला की गोल किती वाढतो, ते तिनं सांगायची गरज नव्हती; दोराच्या वाढीच्या सव्वासहा पट. नऊ मीटर. ज्या नऊ मीटरनं माझे दोन सेकंद खाल्ले, ते मीच तळहात सोलून वाढवले होते. वर चार दिवस पाठ न धुता मिरवलो होतो!

मी दोर सोडला आणि तिथंच ओट्याच्या पायरीवर बसलो. आधी सर हसायला लागले. मग चाची. मग मी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, ते लपवायची गरजही वाटली नाही. काल रात्रीपासून ज्यांच्यावर डोळे वटारत होतो, ते सर माझा हात हातात घेऊन तळवा बघत होते, जणू अजून सोललेला असेल.

"दोर मी ओढला, सर," मी म्हणालो.

"ओढ मी म्हनलो हुतो," सर म्हणाले. "नायलॉन वाढतो हे मला ठावं पायजे हुतं. चूक माझी हाय. या अल्लाह, किती पोरं घरी पाठवली मी."

"मीपण पाठवली," मी म्हणालो. ते खरंच होतं. माझ्या वहीतही नापासाच्या फुल्या कमी नव्हत्या.

सरांनी पेटीतली पहिली वही मागितली. पानं पिवळी झालेली. आठशे मीटर, काशीद, दोन मिनिटं सात सेकंद, आणि पुढं फुली. त्यांनी अश्विनीला हिशेब करायला सांगितला, दोनदा करून घेतला. मग स्वतःच्या हातानं फुली खोडली, दोन मिनिटं चार लिहिलं, पुढं 'पास' लिहिलं आणि खाली सही केली. वही माझ्या हातात दिली आणि फौजेतल्यासारखं म्हणाले, "तयारी कर. तुझी निवड झालीय."

मला खरंच निवड झालीय असं वाटलं, देवाशपथ. आतून चहा आला तरी मी वही सोडली नाही. अश्विनी म्हणाली, "सर, चहा सांडेल वहीवर." मी म्हणालो, "सांडू दे. आता पास झालोय."

परत आल्यावर आठवडाभर मी माझ्या वह्या घेऊन बसलो. ज्यांना सेकंदासाठी घरी पाठवलं होतं त्यांच्या वेळा पुन्हा काढल्या आणि जे सापडले त्यांना फोन लावले. शेख सर खर्ड्यातून त्यांच्या पोरांना लावत होते. मी जामखेडात टायरचं दुकान चालवणाऱ्या दत्तूला लावला.

"दत्तू, तू पास होतास रे."

"कशात, सर?"

"चारशेत. चाचणीला. एक सेकंदानं गेला होतास ना? ट्रॅक मोठा होता आपला. तू पास होतास."

तिकडं त्यानं हवा भरायचं मशीन बंद केलं. मला वाटलं, आता शिव्या देणार.

"सर," दत्तू म्हणाला, "मंग पेढं वाटू का? माझं पोरगं यंदा तुमच्या कालेजात हाय. त्याला रोज सांगतो, मी जोरात पळायचो. बेनं इस्वासच ठेवत न्हाई. तुमी जरा त्याला सांगा ना."

मी जाऊन त्याच्या पोराला सांगितलं. कुणी रागावलं नाही असं नाही. एकानं फोन आपटला, आणि त्याचं बरोबर होतं. त्याला मी पुन्हा फोन करणार आहे, तो उचलेपर्यंत.

स्पर्धेच्या आधी अश्विनीनं ट्रॅक नव्यानं आखायला घेतला. शेख सरांना आणायला दत्तूनं आपली जीप दिली. सरांना सावलीत खुर्ची मांडली. जुन्या खुंट्या पोरींनी उपटून एका घमेल्यात ठेवल्या, सरांनी त्यातली एक खिशात घातली आणि नवा नारळ त्यांनीच फोडला. अश्विनीनं त्यांनाच विचारून घेतलं, "आता आखू ना, सर?" आणि सर म्हणाले, "आख. पन मोजून."

दोर नव्हता. पोलादी टेप होता. मधल्या खुंटीला टेप अडकवला, आणि दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे म्हणून अश्विनी इकडं तिकडं बघायला लागली. मी बाह्या सरसावून पुढं झालो. अजून टेपला बोट लावलं नव्हतं, तोच मैदानाच्या त्या टोकावरून, सावलीतल्या खुर्चीतून, त्र्याऐंशी वर्षांचा आवाज आला. सगळं मैदान थांबलं.

"काशीद! मागं हो! तू हात लावू नको!"